मणेरी ते शिवोली

कयाक भाड्याची. नारिंगी, प्लास्टिकची,
बुडावर मोरजीच्या शॅकवाल्याचं नाव अर्धं खरवडलेलं.
मणेरीला टेंपोतून उतरवताना ड्रायव्हरने विचारलं,
बाई, पोहता येतं ना?
म्हटलं, येतं. बुडताही येतं.
एक किरकोळ रजा टाकलीय. एका रजेत मावेल एवढीच नदी.

तिमोतेव डॅन्यूबवर आहे.
उल्महून निघाला तेव्हा दहा देश म्हणाला होता,
आता मोजणं सोडलंय.
रात्री तंबूतून त्याचे निरोप येतात,
अर्धे वाऱ्याचे, अर्धे कोंकणीत:
मोहाचला काठावरच कचेरी. ओल्या हातांनी पासपोर्ट दिला.
साहेब एकदा पान बघतो, एकदा माझं तोंड.
लिहिलंय पुर्तुगाल, आणि तोंड हे असं कोलवाळचं.
मग मारला शिक्का.
तुझ्यासारखाच मारतो गो, मनगटातून.

कोलवाळच्या टपालात मी चोवीस वर्षं शिक्के मारतेय.
मनगट त्याने बरोबर ओळखलं.

हणखणेच्या अलीकडे कुठेतरी महाराष्ट्र संपतो.
वल्हं आडवं ठेवून नीट बघितलं.
एक म्हैस, नाकपुड्यांपुरती वर.
बांबूचं बेट. खडकावर वाळत घातलेली कुणाची तरी चादर,
चारी कोपऱ्यांवर चार दगड.

त्याच्या आजाला, लाद्रूला,
ह्याच पाण्यात सरहद्द होती. बंदूकवाली.
नाकेबंदीची वर्षं. वरून कांदे-बटाटे आणायचे,
खालून घड्याळं न्यायची, पिठाच्या डब्यात, टिकटिक बंद करून.
वल्ह्याला चिंध्या गुंडाळलेल्या.
गार्द जागा आहे का ते कुत्र्यांवरून कळे,
आणि आपण कुठवर आलो ते जिभेवरून:
बोट बुडवायचं, चाखायचं.
मचूळ, म्हणजे हळर्णचा कोट आला, श्वास धर.
खारट, म्हणजे घर.

एका रात्री उधाण होतं.
खारं पाणी तीन वळणं जास्तच वर चढलेलं.
लाद्रूने चाखलं, हुश्श केलं,
आणि कोटाच्या ऐन खाली विडी पेटवली.

गोळी डाव्या खांद्यात राहिली, पेटीत पुरेपर्यंत.
त्याच सरकारच्या वहीतली त्याची जन्मनोंद दाखवून
नातवाने पासपोर्ट काढला.
आजा हसला असता का रे, मी विचारलं होतं.
हसला असता, तिमोतेव म्हणाला,
आधी थुंकला असता.

हळर्णला मी पण बोट बुडवलं.
चव कळेना. मातीची, डिझेलची,
रात्री चोरून वाळू काढणाऱ्यांच्या होड्यांची.

कोलवाळच्या पुलाखाली भरती अंगावर आली.
दीड तास वल्हवलं आणि तोच खांब.
वर ट्रक धडधडत होते,
खाली मानशीच्या दारापाशी तीन पाणमांजरं
ओल्या डोक्यांनी माझ्याकडे बघत होती,
एवढ्या मोठ्या बाईला एवढं साधं जमत नाही म्हणून.
खांदे भरून आले. डावा जास्त.
(हे मी जुळवून सांगत नाहीय. डावाच.)

शिवोलीला पोचले तेव्हा कुबलांच्या बायका
तिसऱ्यांच्या पाट्या डोक्यावर घेऊन निघाल्या होत्या.
कुठून, एकीने विचारलं.
मणेरीहून.
कशाला, बस बंद होती?

मोबाइलवर त्याचा नवा निरोप:
आज एका रेताड तुकड्यावर झोपतोय,
अलीकडचा देश म्हणतो त्यांचा, पलीकडचा म्हणतो ह्यांचा,
दोघांनाही नको आहे.
डास मात्र दोन्हीकडचे.
पाणी अजून गोडंच. समुद्र चौदाशे किलोमीटर.
तुझं कसं आहे?

सात वाजून गेले होते, कयाकवाला तासाचे जास्तीचे मागत होता.
मी उत्तर लिहायला गेले.
बोटांवर मीठ सुकत होतं.
स्क्रीन बोट ओळखेना.