घुंडी

हालवारनं रायफल टेबलावर ठेवली,
हातमोजे काढले नाहीत.
"बोल्टच्या घुंडीवर नक्षी हवी," म्हणाला,
"दिसायला बरी."

येम्टलँडमध्ये नोव्हेंबरात तीनलाच अंधारतं.
मी दिवा जवळ ओढला.
सुपारीएवढी घुंडी, पोलादी,
त्याच्या बापाच्या हातापासून गुळगुळीत होत आलेली.

पहिली रेघ सगळ्यांत अवघड.
ती चुकली की पुढच्या सगळ्या
तिच्यामागून मेंढरांसारख्या चुकत जातात.
अर्धा श्वास सोडून थांबले, मग कानस टेकवली.
दुसरी. सातवी. मग त्यांना तिरक्या छेदणाऱ्या.
नखांखाली भुगा,
आणि रेघांमधून वर येत गेले
मोहरीएवढे शंकरपाळे.

मला कळलं होतं गावात.
सप्टेंबर, पाऊस, पहिली गोळी पोटात.
दुसरीसाठी बोल्ट ओढताना
ओलं बोट घसरलं. एकदाच.
तेवढ्यात मूस दलदलीत शिरला.
दोन दिवस हा कुत्रीमागे फिरला,
कावळे याच्याआधी पोचले.

मी विचारलं नाही.
तेल लावलं, फडक्यानं पुसलं.

आता त्यानं मोजा काढला.
बोल्ट वर, मागे, पुढे, खाली.
नळाखाली हात भिजवून आला,
पुन्हा तेच. पुन्हा.
मग अंगठ्यावर उमटलेली बारीक जाळी
दिव्याशी धरून बघत राहिला.

"गुनवूर म्हणेल, सुंदर झालीय."
"झालीच आहे," मी म्हटलं.

सुटे नव्हते माझ्याकडे.
उरलेले राहू देत, म्हणाला,
बंदुकीच्या दस्त्यावरचीही झिजलीय,
वसंतात आणतो.