आणि इतर

नवव्या रकान्यात विचारलंय, एकूण शोधनिबंध.
लिहिलं: एकोणतीस.
दहाव्यात, किती जणांनी संदर्भ दिला.
संगणक सांगतो, सहाशे चौऱ्याऐंशी.
त्यातले चारशे बारा एकट्या एका निबंधाचे.
उरलेले अठ्ठावीस निबंधांनी आपसांत वाटून घ्यायचे,
आणि सातांच्या वाट्याला काहीच नाही.
त्या सातांवर मी जास्त रात्री जागले होते.

त्या एकाचं असं झालं,
की हर्णैच्या बंदरात दुर्गी चोगलेच्या टोपलीतलं एक म्हाकूल
रात्री निळं जळत होतं.
तिला वाटलं, लागीर.
तरी फेकलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून
शमशादच्या दारात ठेवून गेली,
परकारांची पोर दापोलीला कसलेतरी किडे शिकते
एवढं तिच्या कानावर होतं.

आमच्याकडे अंधारी खोली नव्हती.
वसतिगृहाच्या न्हाणीघरात, दाराच्या फटीत टॉवेल कोंबून
दोघी उकिडव्या बसायचो,
डोळे अंधाराला सरावेपर्यंत पंधरा मिनिटं.
बोलायचं नाही असं ठरलेलं. बोलायचोच.
तिच्या निकाहाची तारीख मला तिथेच कळली.
मग काचेच्या बशीचं झाकण काढायचं:
दोनशे ठिपके, दोनशे निळ्या वस्त्या,
एकेकीच्या जनुकांत आम्ही कुठेतरी खिळा ठोकलेला, अंदाजपंचे,
आणि हुडकायचा तो ठिपका, जो विझलाय.

चौदाव्या रात्री सापडला.
पण विझलेला नव्हताच.
शेजारच्या वस्तीकडची त्याची कड
हलकी उजळलेली होती, तेवढीच.
शमशाद म्हणाली, अगं, दिवा शाबूत आहे याचा,
हाक मारायचं जनुक मोडलंय.

कारण हे जीव एकेकटे उजेड करत नाहीत.
आधी एकमेकांना मोजतात.
पाण्यात एक चिमुकला रेणू सोडतात,
आहेस का, आहेस का,
आणि पुरेसे जमले की मगच.

निबंध छापून आला तेव्हा ती दोह्याला होती,
कडेवर मूल.
नंतर कशावरच तिचं नाव नाही.
पण कुठल्या कुठल्या देशांत अजून लिहितात,
'परकार आणि इतर यांनी दाखवल्याप्रमाणे'.
इतर म्हणजे मी.
सव्वीस जण लिहितात, परकार आणि इतर यांचं चुकलं.
(चुकलं होतं. एक आकृती उलटी छापली गेली होती.)
तेरा जणांनी तिचं 'परिकर' केलंय.
आणि आभारांत, सगळ्यात खाली, बारीक टायपात
दुर्गी, जिची कुणा शहाण्या संपादकानं
शुद्ध करून 'दुर्गा' केली.

परवा गेले बंदरावर.
लिलावाचा गलका, बैलगाड्या पाण्यात पोटापर्यंत,
ती निळ्या ताडपत्रीखाली सोडे निवडत बसलेली.
म्हटलं, मावशी, तुझ्या म्हाकुलाचं नाव
चारशे बारा ठिकाणी निघालं.
हात न थांबवता म्हणाली,
"शेकडा काय भावानं गेला?"
पैसे नाही मिळत गं त्याचे.
"मग नुसती बोलीच म्हण की.
माल उचलला कुनी?"

उत्तर सुचलं नाही.
तिनंच एक म्हाकूल पिशवीत टाकलं,
पैसे मात्र घेतले, सुटे.

फॉर्म टेबलावर आहे, अकरावा रकाना कोरा:
'अन्य उल्लेखनीय कार्य'.
मी न्हाणीघरात.
गुडघे आता उकिडवं बसू देत नाहीत,
स्टूल घेतलंय. फटीत टॉवेल.
दोह्याला फोन लावून ठेवलाय, पालथा,
त्याचा उजेड नको म्हणून.
तिकडून विचारते, दिसतंय का काही?
अजून नाही, म्हटलं.
पंधरा मिनिटं कुठे झालीत.
तू बोल.