हर माल तीस

इतवारीत वनमालानं
पुरणाची चाळणी उन्हाकडं धरली.
पंचेचाळीस डिग्रीचा उजेड
फुटाण्यांसारखा सांडला तिच्या पदरावर.
"एक भोक बुजलं हाये, भाऊ. वीसच देते."
"घेऊन जा ना बाप्पा, बोहनीचा टाइम हाये."

घरी ती उलटी टांगली.
जुन्या कूलरची वायर,
होल्डर आठ रुपयांचा.
बटण दाबलं तशी
भिंतीवर, फ्रिजवर,
सासऱ्यांच्या बनियनवरसुद्धा
ठिपकेच ठिपके.
सासरे म्हणाले,
"पुरण कायनं गाळाचं मंग?"

पुरण ती जुन्याच चाळणीत गाळते,
तारेनं काठ बांधलेल्या.

रात्री सगळे झोपले
की छतावर शोधत बसते
ते बुजलेलं भोक.
सापडतं.
पंख्याच्या जरा डावीकडं,
दहा रुपयांचा
अंधार.