तुटक रेषा

तेहतीस वर्षं मी खापरं काढली.
खणून नव्हे, कागदावर.
येरवड्याच्या कॉलेजात, उत्तरेच्या खिडकीशी
बोटभर काठ हातात घ्यायचा,
वर्तुळांच्या तक्त्यावर सरकवत न्यायचा,
जिथं बसेल ती त्रिज्या,
आणि मग हाती नसलेलं सगळं भांडं
तुटक रेषेनं.

जुन्नरच्या खड्ड्यातून यायची काही,
लालसर, खरखरीत, अंगात काळी वाळू.
"रोमन," सर म्हणायचे, "दारूचा रांजण,"
आणि चहा मागवायचे.

आता विश्रांतवाडी, दुसरा मजला.
एक शेगडी, एक इंडक्शन,
बटण दाबायच्या आधीच ओरडणारा मिक्सर
आणि फ्रिजला चिकटवलेली
त्याच लोकांची दुध्याची भाजी:
मिरी, जिरं, हिंग, सताप,
व्हिनेगर, तेल, माशाचं पाणी,
आटवलेला द्राक्षरस.
किती मिरी? मिरी.
कुठवर शिजवायचं? शिजेपर्यंत.
आमची नलूआत्या अशीच सांगायची,
वर "त्यात काय एवढं" म्हणायची.

सताप खाली वॉचमनच्या कुंडीत होता,
त्यानं बाळासाठी लावलेला. दोन काड्या दिल्या,
कशाला हव्यात विचारलं नाही.
द्राक्षं धानोरी रस्त्यावर, सुलभा शिळीमकरांकडे:
"सुटे मणी घ्या ताई, नारायणगावचेच,
पेटीत नापास झालेले."
पास झालेले गार कंटेनरात बसून
रॉटरडॅमला गेले होते.
नापास मी आटवत बसले, तीन वाट्यांची एक,
काकवीसारखी तार येईस्तोवर.
ज्या घाटानं तो रांजण वर चढला असेल
त्याच्या पायथ्याशी आता ही द्राक्षं पिकतात,
ही गोष्ट मी पळीला सांगितली,
दुसरं कुणी नव्हतं.

हिंगाचं वेगळंच.
त्यांच्याकडे एक झाड होतं, हिंगाहून सरस म्हणे.
खाऊन खाऊन संपवलं.
मग हिंगावर भागवलं.
आपण ज्याला चव म्हणतो
ती कुणाची तरी तडजोड असते.
मी डबी उघडली, जपून मिटली.

माशाचं पाणी म्हणजे कॅम्पातली थाई बाटली.
झाकण निघालं आणि बेल वाजली.
वर्तक. सोसायटीचे सेक्रेटरी. नाक वर.
"मासळी?"
"इतिहास," म्हटलं.
"मग तो खिडक्या लावून शिजवा."

तेव्हा दोन पातेली केली.
एकात बाटली, एकात नाही.
दुधी पारदर्शक झाला, वर मिरीचा करकरीत थर,
मधेच मोहरी टाकायला हात गेला,
मी तो हात दुसऱ्या हातानं धरला.

आश्लेषा, माझी पेइंग गेस्ट, परभणीची,
तिनं पहिला घास खाऊन छताकडे पाहिलं.
"काकू, पंचामृतात दुधी पडलाय का?"
पडला असेल, म्हटलं, दोन हजार वर्षांपूर्वी.
तिनं ज्वारीची भाकरी काढली,
लसणाची चटणी काढली,
आणि रोम गेलं पोटात मुकाट.

बिनमाशाचा डबा वर्तकांकडे धाडला.
दुसऱ्या दिवशी परत आला, घासूनपुसून,
रिकामा कसा द्यायचा म्हणून आत तीन आवळे
आणि चिठ्ठी, सेक्रेटरीच्या तिरप्या अक्षरात,
एकच शब्द:
मीठ?

मी फ्रिजवरचा कागद पुन्हा वाचला.
मीठ लिहिलेलंच नाही.
ते त्या माशाच्या पाण्यात होतं.
वास नको म्हणून मी मासा वगळला
आणि त्याच्या पाठीला लागून समुद्र निघून गेला.
वर्तकांना भेटल्यावर
याचं खापर मी रोमवर फोडलं अर्थात.

पण रात्री चष्मा लावला,
टोक काढलेली टूएच पेन्सिल घेतली
आणि जिऱ्याच्या नि हिंगाच्या मधे
जिथं काहीच नव्हतं तिथं
मीठ लिहिलं, तुटक.
माप नाही घातलं.
आवळ्यांचं काय करायचं ते उद्या बघू.