रकाना सातवा

रकाना सातवा. अध्यापनाचा अनुभव, वर्षांत.
मी एक लिहिते, एकापुढे टिंब देते,
आणि टिंबापुढे काय, ते कळत नाही.
कुडचड्याच्या हायर सेकंडरीत लेक्चर बेसिसवर
चौदा महिने. त्यातून चतुर्थी वजा, नाताळ वजा,
मे महिना तर पगारातही नव्हता.
प्राचार्यांनी दाखल्यावर लिहिलंय: काम समाधानकारक.
शिक्का जांभळा, जरा फिसकटलेला.

बहुतेक जागा पहिल्याच ओळीत दार लावतात:
अमुक सात देशांचे पासपोर्ट असतील तरच.
त्या सातांत पोर्तुगालही नाही,
त्यामुळे आग्नेलचा हेवा करायचीही सोय नाही.
उरलेल्यांना दोन वर्षं हवीत.
दोन वर्षांना नोकरी हवी, नोकरीला दोन वर्षं.
बाबा म्हणाले, आमच्या ट्रकाचं असंच झालं,
हप्ता फेडायला फेऱ्या हव्यात, फेऱ्यांना खाण.
ट्रक अजून पुलाखाली उभा आहे. त्यात कोंबड्या बसतात.

इनासियाचा नवरा बोटीवर जायच्या आधी
त्यांच्या बल्कांवावर एकच वाक्य घोटत होता:
आणखी काही हवंय का, सर?
त्या 'सर'वर आवाज किती वर न्यायचा
यावर आम्ही पावणेदोन तास घातले.
सहा वर्षं झाली. वाक्य अजून चालतंय.
त्या वाक्यावर त्यांनी स्लॅब घातला.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

आणि अकरावी आर्ट्स, जेवणानंतरचा तास.
मी फळ्यावर लिहिलं होतं, 'अ' आणि 'द'.
आपल्या भाषेत नाहीत हे दोघे, म्हटलं,
म्हणून आपण त्यांना वाटेत सांडतो.
मागच्या बाकावरून रोहिदास उठला:
म्हणजे टीचर, पहिल्यांदा दिसला तर 'अ',
ओळख झाली की 'द'?
मी खडू खाली ठेवला.
एम.ए.च्या दोन वर्षांत मला हे इतक्या सरळ
कुणी सांगितलं नव्हतं.

बेचाळीस अर्ज.
बेचाळीस ठिकाणी मी 'अ'.
कोणी एक निमिषा पुंडलिक खांडेपारकर.

त्रेचाळिसावा कझाकस्तानातल्या एका गावी,
ज्याचं नाव मी मुलाखतीतही चुकले.
तिथे नऊ, इथे साडेनऊ.
नकाशावर एवढं लांब,
आणि आमच्यात अंतर अर्ध्याच तासाचं.
आईनं मिक्सर बंद ठेवला, वीज मात्र गेलीच.
अंधारातून साउले बाईंचा आवाज आला:
इंग्रजी तुमची मातृभाषा आहे का?

खोटं ओठांवर होतं.
मग म्हणाले, नाही.
आई रागावते कोंकणीत, पत्र लिहिते मराठीत.
इंग्रजीत मला कोणी जोजवलं नाही.
ती न येणं कसं असतं ते मला आठवतं,
तोंडात शब्द असून जीभ कशी मागे सरते ते.
तुमच्या मुलांपाशी मी तिथून सुरू करीन.

पलीकडे शांतता. नेटवर्क गेलं की काय, वाटलं.
मग त्या म्हणाल्या,
माझ्याही आजीला रशियन येत नव्हती.
एवढंच. पुढचा प्रश्न पगाराचा.

करार दहा महिन्यांचा. होस्टेलात खोली,
विमानाचं भाडं अर्धं माझं.
बाबांनी ट्रक भंगारात द्यायचं काढलंय,
मी नको म्हणते, ते ऐकत नाहीत.

काल मडगावला कोट विचारत फिरले.
तिसऱ्या दुकानातला म्हातारा म्हणाला,
कोट? रेनकोट आहे.
उणे तीस, मी म्हटलं.
त्यानं चष्मा कपाळावर सारला,
मला नीट पाहिलं आणि आत हाक मारली:
अरे, ती कझाकस्तानची टीचर आलीय,
तिला माळ्यावरचं ते जुनं लोकरीचं दाखव.

ती. ते.
मी काउंटरला धरून उभी राहिले.
माळ्यावरून डांबरगोळ्यांचा वास येत होता.