अर्धा तारा

कूलर बंद करून ऐका, असं मी पहिल्याच ओळीत लिहितो.
लोक हसतात. मे महिन्यात, नागपुरात, कूलर बंद?
पण पंपाची घरघर आणि याच्या गिटारची जाड तार
एकाच पट्टीत बसतात,
आणि मग कळत नाही
कण्हून कोण राहिलं.

तबकडी काळी, बाजू दोन, गाणी नऊ.
कडेला तांदळाएवढा ओरखडा,
सुई तिथं एकदा अडखळते, पुढे जाते.
वेष्टनावर माणूस खुर्चीत, गिटार मांडीवर,
जसं तापलेलं पोर घेऊन
मेयोच्या बाकावर बसलाय,
नंबर लागायचाय अजून.

माझे वाचक एकतीस.
जरीपटक्यात चार, अजनीच्या रेल्वे क्वार्टरात दोन,
एक कामठीचा, तो ऐकत नाही, नुसता जमवतो,
प्लास्टिक फाडलं की भाव पडतो म्हणतो.
महिन्याला एक कागद, झेरॉक्स, पाठपोट:
पुढं ब्लूज, मागं मालिका.
काय घ्यावं, काय राहू द्यावं, किती तारे.

मागच्या पानावर यंदा तेरा भागांची एक मालिका आहे.
दोन बहिणी बापाची भांडी वाटून घेतात.
बस, एवढंच.
आठव्या भागात धाकटी एक गंज उचलते,
परत ठेवते,
आणि कॅमेरा त्या गंजाकडेच बघत राहतो
दूध उतू जाईल इतका वेळ.
संगीत नाही. कुणी तीन-तीनदा वळून बघत नाही.
अकराव्याचा शेवट माझ्या कॅसेटवर नाही,
लाईन गेली होती.
कुणाकडे असल्यास कळवावे, असं लिहिलं,
तर गोधनीच्या बोरकुटे मॅडमचं पोस्टकार्ड:
आहे माझ्याकडे. नका बघू.
तुमचाच शेवट बरा.

मग एका दुपारी टेकचंद लालवानी स्वतः आले,
तबकडी कापडी पिशवीत, डोक्याला ओला दुपट्टा.
साडेतीन दिले तुम्ही. अर्धा काहून कापला, भाऊ?
मी म्हटलं, दुसरी बाजू, तिसरं गाणं.
त्याचा गंधार कोमल नाही, शुद्ध नाही,
मधेच कुठंतरी लोंबकळतो, मग घसरतो.
पेटीवर त्याला पट्टीच नाही.
बेसूर आहे?
नाही.
मग?

माठातलं पाणी प्याले, आणखी एक ग्लास प्याले,
आणि गेले.

रात्री मी कूलर बंद केला.
बनियन पाठीला चिकटलं. सुई ठेवली.
तिसरं गाणं.
आणि त्या घसरणीपाशी मला इंदोऱ्याची आमची खोली आठवली,
मिलचा भोंगा संपताना
शेवटचा श्वास असाच खाली सोडायचा,
आणि बाबा त्याच क्षणी डब्याचं झाकण दाबायचे.
मिल बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी
ते पहाटे उठले, सदरा घातला,
डबा नव्हता, तरी हात गुडघ्यावर
झाकणासारखा दाबून बसले.
भोंगा वाजला नाही.
तो सूर मात्र खोलीत होता. उजाडेपर्यंत होता.
आई चुलीपाशी, तीही काही बोलली नाही,
आणि मी अंथरुणात डोळे मिटून
झोपल्याचं सोंग घेतलं,
मला वाटतं, चांगलं घेतलं.

हे परीक्षणात कुठं बसवू?
घरी जमवणाऱ्याला हवं असतं:
वेष्टन जाड आहे का, कडा वाकल्यात का,
आवाजात किती खरखर, पैसे वसूल होतात का.
तबकड्या उभ्या ठेवा, आडव्या रचू नका,
पश्चिमेच्या भिंतीपासून तर लांबच ठेवा,
ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते.
हे मी दर उन्हाळ्यात लिहितो.

पुढच्या अंकात, तळाला, बारीक अक्षरात:
दुरुस्ती. मागील अंक, पान एक,
साडेतीनऐवजी चार वाचावे.
कारण दिलं नाही.

लालवानींनी काही कळवलं नाही.
कामठीवाल्यानं मात्र त्याच आठवड्यात
दोन प्रती मागवल्या.
दोन्ही न उघडायला.