ओला दगड

फोंड्याला, तिस्कावरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर
एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे दात केले.
डॉक्टर आफोंसोंकडून डब्यातून जबडे यायचे,
प्लास्टरचे, पांढरे, मागे पेन्सिलीने नाव,
आणि मी त्या नावाला हसू बसवायची.
कवळी तोंडाला लागली की झालं.
मला काय आवडतं, हे कुणी विचारलं नाही,
मीही नाही.

आता लॅब बंद. मोटार तेवढी घरी आणली,
कुर्टीला, मागच्या पडवीत, धुण्याच्या दगडाशेजारी.
तिच्यावर चार चाकं चढवलीत,
वर सलाइनची बाटली टांगली आहे, थेंब थेंब पाणी.
शेजारचा शाणू कुंपणावरून विचारतो,
"कोण गं आजारी?"
मी म्हणते, अकीक.

चोर्ल्याच्या घाटातला.
रस्त्याच्या खडीत बटाट्यासारखा पडला होता.
भाच्याने आणला, दाराला अडसर म्हणून.
कापला तेव्हा आत
राखाडी, मग दुधी, मग पेजेच्या निवळीसारखी एक रेघ,
तिच्याआड उकड्या तांदळाच्या सालीचा तांबूस,
आणि मधोमध आरपार पोकळी,
करंगळीच्या नखाएवढी,
काठाला साखर सांडल्यासारखे स्फटिक.

लंबगोलांची पत्र्याची पट्टी ठेवून पाहिली.
कुठेही ठेवा,
एक तर तांबूस तुटतो, नाहीतर पोकळी कडेला फाटते.
पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली.
ॲल्युमिनियमच्या तारेने, जी पाण्याने पुसत नाही,
रेघेच्या मागोमाग गेले,
ती वळली तिथे वळले, ती रेंगाळली तिथे थांबले.
निघालं ते
ना तिसऱ्याची शिंपली, ना आंब्याची फोड.

खिळ्याच्या माथ्यावर लाख वितळवून दगड चिकटवला.
पहिलं चाक ओरडतं.
दुसरं कुरकुरतं.
तिसऱ्यावर कानांपेक्षा बोटांना जास्त ऐकू येतं.
ओला दगड खोटं बोलतो,
पाण्याखाली कुठलाही दगड झाला-झालासा दिसतो.
पुसा, कोरडा करा, उजेडात तिरका धरा,
पहिल्या चाकाचा ओरखडा तिथेच.
मग मागे जायचं.
तीनदा मागे गेले.

तिसऱ्या वेळी पिएदादबाई आठवल्या.
समोरच्या दोन दातांत त्यांच्या फट होती, जन्माची.
कवळी करायची ठरली तेव्हा
डॉक्टरांना चुकवून जिना चढून माझ्याकडे आल्या, धापा टाकत,
"ती फट दवर गो बाय.
वयर गेल्यार पेद्रू म्हाका कसो वळखतलो?"
डॉक्टर म्हणाले, फट ठेवली तर
लोक आपल्या कामाला हसतील.
मी बुजवली.
सगळे म्हणाले, छान दिसतात.
त्यानंतर त्या हसताना हात तोंडावर न्यायच्या.
आधी कधी नेत नव्हत्या.

आज दुपारी शाणूने दगड हातात घेतला,
पोकळीत नख घालून पाहिलं.
"एवढं केलंस, भोक तेवढं भरून टाक.
कसलासा गोंद मिळतो म्हणे."
मिळतो. मला येतंही भरायला.
रंगसुद्धा असा जुळवीन की कळणार नाही,
दातांच्याच सोळा छटा होत्या माझ्याकडे.
मी चहा ठेवायला उठले.

चामड्याच्या चाकावर पॉलिशचा गुलाबी चिखल.
दगड तापतो, चाक त्याला किंचित ओढू लागतं,
नेमका तेव्हाच चमकतो.
चिखल पोकळीत शिरतो,
म्हणून जुन्या टूथब्रशने एकेक स्फटिक घासत बसले,
सवयीने, आतल्या बाजूने आधी.

वीज गेली.
चाक उतरत उतरत थांबलं,
बाटलीतलं पाणी तेवढं पडत राहिलं.
दगड पुसला. फुंकला. पदराने पुन्हा पुसला.
डाव्या अंगाला अजून एक ओरखडा आहे.
उद्या परत तिसरं चाक.
पोकळीतून मात्र उजेड पलीकडे आला
आणि माझ्या अंगठ्यावर बसला,
तांदळाच्या दाण्याएवढा.